भाताचे पान आणि ज्वारीचे पान

भात आणि ज्वारी ही एकाच तृणकुळातील भावंडे आहेत. त्यांचे पूर्वज एकमेकांपासून विभक्त झाले त्याला पाच कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला असला, तरी पेरे, पाती, पात्याच्या लांबीला समांतर धावणाऱ्या शिरा हे सारे कुळाचार दोघांनी सांभाळले आहेत. असे असूनही कडक उन्हात आणि बेताच्या पाण्यावर ज्वारीचे पान ज्या तडफेने अन्न तयार करते, ती तडफ भाताच्या पानाला साधत नाही. भात हे पाण्याचे पीक आणि ज्वारी कोरडवाहू, एवढे सांगून शेतकरी हा फरक मिटवील, आणि त्यात चूक काहीच नाही. परंतु या फरकाचे मूळ शोधीत पानाच्या आत शिरले, म्हणजे एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्वारीच्या पानात कोणतेही नवे यंत्र बसविलेले नाही. तिथले जवळजवळ प्रत्येक हत्यार भाताच्या पानातही आहे. ते कोणत्या पेशीने उचलावे, केव्हा उचलावे आणि किती प्रमाणात चालवावे, याविषयीच्या आज्ञा मात्र बदललेल्या आहेत. या आज्ञा म्हणजेच जनुकांचे नियमन. त्यांच्यातील फेरफारांनी प्रकाशसंश्लेषणाला नवे वळण कसे दिले, हा आजचा विषय आहे.

प्रकाशसंश्लेषणाची सामान्य हकीकत सर्वांना ठाऊक असते. हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेते, मुळांतून आलेल्या पाण्याचे विघटन होते, आणि हवेतील कार्बन डायॉक्साइडपासून साखर तयार होते. या वायूला आपण येथे सोयीसाठी कर्बवायू म्हणू. कर्बवायूपासून साखरेपर्यंतचा मार्ग मेल्व्हिन कॅल्व्हिन आणि त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने उलगडला, आणि त्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या मार्गाच्या तोंडाशी रुबिस्को नावाचे एक एंझाइम बसलेले असते. हवेतला कर्बवायू पकडून कार्बनी संयुगात अडकविणे हे त्याचे काम. भातासारख्या वनस्पतीच्या पानातील विद्राव्य प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मा वाटा या एकट्या रुबिस्कोचा असतो. एवढा खर्च करण्याचे कारण असे, की हा कामगार अत्यंत मंद आहे. सेकंदाला दोनतीन कर्बवायूचे रेणू पकडले, की त्याची शक्ती संपली.

मंदपणा एक वेळ चालला असता. त्याला आणखी एक खोड आहे. कर्बवायू आणि प्राणवायू यांतील भेद त्याला नेटका कळत नाही. रुबिस्कोची जडणघडण झाली ती पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठण्याच्याही आधी, म्हणजे अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही पूर्वी. त्या काळी हा भेद कळण्याची गरजच नव्हती. आजच्या हवेत मात्र तो पुष्कळदा कर्बवायूऐवजी प्राणवायू पकडतो, आणि त्यातून निर्माण झालेला निरुपयोगी पदार्थ मोडून पुन्हा कामी आणण्यासाठी वनस्पतीला ऊर्जा खर्चावी लागते. इतकेच नव्हे, तर आधी पकडलेला काही कर्बवायू सोडूनही द्यावा लागतो. या प्रकाराला प्रकाशश्वसन म्हणतात. हवा जसजशी तापते तसतशी ही खोड वाढते. उष्ण प्रदेशात मिळविलेल्या कार्बनाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, अशा रीतीने हातचा जातो.

या अडचणीतून काही वनस्पतींनी वाट काढली आहे, हे प्रथम उसाने दाखविले. हवाई बेटांतील साखर उत्पादकांच्या संशोधनशाळेत कोर्टशाक, हार्ट आणि बर यांना असे दिसून आले, की उसाचे पान कर्बवायू घेते तेव्हा कॅल्व्हिन यांनी सांगितलेला तीन कार्बनांचा पदार्थ आधी तयार होत नाही. मॅलिक अम्लासारखे चार कार्बनांचे पदार्थ आधी दिसतात. त्यांचा निबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला. रशियात कार्पिलोव्ह यांनी १९६० सालीच मक्याविषयी असाच निष्कर्ष छापला होता. परंतु तो बाहेरच्या जगात फारसा वाचला गेला नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ पासून या कोड्याची उकल केली. तेव्हापासून अशा वनस्पतींना ‘सी-४’ आणि भात, गहू, हरभरा यांसारख्या जुन्या वळणाच्या वनस्पतींना ‘सी-३’ म्हणण्याचा प्रघात पडला.

सी-४ वनस्पतीची युक्ती थोडक्यात अशी. पानाच्या गाभ्यातील पेशींत कर्बवायू पकडण्याचे काम रुबिस्कोकडे नसतेच. ते पेप कार्बोक्सिलेज नावाच्या दुसऱ्या एंझाइमाकडे असते, आणि हे एंझाइम प्राणवायूला मुळीच भुलत नाही. तेथे तयार झालेले चार कार्बनांचे अम्ल शेजारच्या, शिरेला वेढून बसलेल्या पेशींत जाते. त्या पेशींत अम्ल फुटून कर्बवायू मोकळा होतो, कोंडला जातो, आणि बाहेरच्या पेशींपेक्षा कितीतरी पटींनी दाट होतो. रुबिस्को असतो तो येथे. त्याच्याभोवती आता कर्बवायूची इतकी गर्दी असते, की प्राणवायूकडे वळण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. शिरेभोवतीच्या या टपोऱ्या हिरव्या पेशींचे कडे ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. फुलांच्या हारासाठी जर्मन भाषेत जो शब्द आहे तोच त्यांनी या रचनेला दिला. हाराचे प्रयोजन कळावयास मात्र ऐंशी वर्षे जावी लागली.

अशा वनस्पती संख्येने थोड्या आहेत. फुलझाडांच्या सर्व जातींपैकी सुमारे तीन टक्के. परंतु जमिनीवर दर वर्षी जितका कार्बन वनस्पती बांधून घेतात, त्याचा सुमारे चौथा हिस्सा त्यांच्या खात्यावर जमा होतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस ही सारी मंडळी सी-४ आहेत. हवेतील कर्बवायू सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी बराच घटला, त्या सुमारास गवतांत ही युक्ती प्रथम उगवली असावी. पुढे ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वीच्या काळात अशा गवतांनी उष्ण प्रदेशातील कुरणे व्यापली. या घटनेचा स्पष्ट पुरावा आपल्याच उपखंडात, शिवालिक टेकड्यांच्या थरांत सापडला. दोन्ही प्रकारच्या वनस्पती जड आणि हलका कार्बन वेगवेगळ्या प्रमाणात उचलतात. त्यामुळे जुन्या मातीतील चुनखडीच्या गोट्यांत आणि गवत खाणाऱ्या प्राण्यांच्या दातांत त्यांची ओळख शिल्लक राहते.

आता खऱ्या कोड्याकडे येऊ. ही युक्ती एकदा नव्हे, तर साठांहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहे: गवतांत, लव्हाळ्यांत, राजगिऱ्याच्या कुळात, सूर्यफुलाच्या कुळात. ती साधी असती तर नवल नव्हते. परंतु तिला दोन प्रकारच्या पेशी लागतात, दोहोंत वेगवेगळी एंझाइमे लागतात, शिरा जवळजवळ याव्या लागतात, हरितकण एकीकडे वाढावे आणि दुसरीकडे वेगळे व्हावे लागतात. एवढा मोठा खटाटोप साठ वेळा जमला, तर त्याचे साहित्य आधीच घरात असले पाहिजे, असा तर्क करणे भाग पडते.

साहित्य घरात होतेच. पेप कार्बोक्सिलेज घ्या, मॅलिक अम्ल फोडणारी एंझाइमे घ्या. सी-३ वनस्पतींतही ती आहेत. तेथे ती बारीकसारीक घरकाम करतात: अम्लांचा समतोल राखणे, बियांत साठा करणे, पर्णरंध्रांची उघडझाप सांभाळणे. १९६१ साली फ्रान्समध्ये जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की जनुक असणे वेगळे आणि ते कामाला लागणे वेगळे. जनुके चालू व बंद करण्याची एक स्वतंत्र यंत्रणा असते. ही यंत्रणा समजावयास सरकारी कचेरीचा दाखला घ्यावा. प्रत्येक पेशीत तेच दप्तर असते, त्याच फायली असतात. प्रत्येक फायलीच्या माथ्यावर शेरा असतो, आणि तो शेरा वाचून फाइल पुढे काढणारे कारकून असतात. शेरा म्हणजे जनुकाच्या आसपासचा डीएनएचा छोटा तुकडा, आणि कारकून म्हणजे त्या तुकड्याला जाऊन चिकटणारी प्रथिने. कोणत्या खात्यात कोणते कारकून हजर आहेत, यावर कोणत्या फायली उघडावयाच्या ते ठरते. फायलीतील मजकुराचा एक काना-मात्राही न बदलता केवळ शेरा बदलला, तर ते प्रकरण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. कचेरीत असे घडल्यास घोटाळा होतो. वनस्पतीत कधीकधी उत्क्रांती होते.

याचा उत्तम दाखला फ्लॅव्हेरिया नावाच्या, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पतींनी दिला आहे. या प्रजातीत काही जाती सी-३, काही सी-४, आणि काही अधल्यामधल्या आहेत. मूळच्या त्या बहुतांशी अमेरिका खंडातल्या. पण त्यांतील एक सी-४ जाती तण म्हणून भारतातही रुजली आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे वेस्टहोफ यांच्या प्रयोगशाळेने तिच्या पेप कार्बोक्सिलेज जनुकाचा शेरा तपासला. हे जनुक केवळ गाभ्याच्या पेशींतच चालू व्हावे, ही आज्ञा अवघ्या ४१ अक्षरांच्या तुकड्यात सामावलेली असल्याचे त्यांनी २००४ साली दाखविले. सी-३ जातीतही तो तुकडा जवळजवळ तसाच आहे. फरक आहे तो मोजक्या अक्षरांचा. कोट्यवधी अक्षरांच्या ग्रंथात चारपाच अक्षरे इकडची तिकडे झाली आणि एका एंझाइमाचे स्थान कायमचे निश्चित झाले, हे वाचून मला तरी काही वेळ थांबावेसे वाटले.

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. सबंध यंत्र तयार होईपर्यंत त्याचा उपयोग नसेल, तर अर्धवट यंत्र कोणत्या लाभापोटी टिकले? याचे उत्तर त्या अधल्यामधल्या जातींनी दिले आहे. प्रकाशश्वसनात ग्लायसीन नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो मोडताना कर्बवायू निसटतो. सी-३ वनस्पतींत हे मोडण्याचे काम पानाच्या सर्व पेशी करतात. मधल्या जातींत गाभ्याच्या पेशींतील ते काम बंद पडलेले असते. सारे ग्लायसीन शिरेभोवतीच्या पेशींत पाठवावे लागते. वरकरणी हा तोटाच. परंतु मोकळा झालेला कर्बवायू आता खोलवर, बाहेर निसटावयास अवघड अशा जागी सुटतो आणि तेथल्या रुबिस्कोच्या हाती पुन्हा लागतो. म्हणजे पहिली महत्त्वाची पायरी काही मिळविण्याची नव्हती. एका ठिकाणचे काम थांबण्याची होती, आणि तेवढ्यानेही रोपाची बचत झाली. तेथून पुढची प्रत्येक पायरी थोडाथोडा लाभ देत जाते, हे ड्युसेलडॉर्फच्याच संशोधकांनी २०१३ साली गणिताने मांडून दाखविले. चढण सौम्य असल्यामुळे इतक्या जणांना ती चढता आली.

शेरा बदलण्याऐवजी कारकून बदलूनही तेच साधते. आपल्याकडे पावसाळ्यात पडीक जागी पांढरी तिळवण उगवते. ती मोहरीच्या कुळाच्या नात्यातली असून सी-४ आहे. मोहरीच्याच कुळातील अराबिडॉप्सिस हे प्रयोगशाळांचे लाडके रोपटे मात्र सी-३. केंब्रिज येथील ज्युलियन हिबर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅलिक अम्ल फोडणारे अराबिडॉप्सिसमधील जनुक उचलून तिळवणीत घातले. स्वतःच्या घरी या जनुकाला शिरेभोवतालच्या पेशींचे विशेष प्रेम नव्हते. तिळवणीत येताच ते नेमके त्याच पेशींत काम करू लागले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ उघड आहे. शेरा सी-३ वनस्पतीत आधीपासूनच लिहिलेला होता. तो वाचणारी व्यवस्था तिळवणीत तयार झाली.

यानंतर आपण पुन्हा भात आणि ज्वारीकडे वळू. कारण २०२४ च्या अखेरीस त्यांच्याविषयी जे प्रसिद्ध झाले, ते या सर्व संशोधनाचा कळस म्हणावे असे आहे. अमेरिकेतील सॉल्क संस्था आणि केंब्रिज यांनी मिळून दोन्ही पिकांची रोपे अंधारात वाढविली, मग ती उजेडात आणली, आणि पानांतील हजारो पेशींची केंद्रके एकेक करून तपासली. कोणत्या पेशीत कोणते जनुक जागे होते, आणि डीएनएचा कोणता भाग उघडा पडतो, हे त्यांनी टिपले. शिरेभोवतीच्या पेशींत डॉफ नावाच्या प्रथिनांचे राज्य आहे, असे ज्वारीत दिसले. आणि भातात? भातातही तेच राज्य. डॉफचे हे कारकून दोघांच्या समाईक पूर्वजांपासून त्याच मेजावर बसलेले आहेत. भातात त्यांच्या हाती इतर कामांच्या फायली असतात. ज्वारीच्या पूर्वजांत मात्र प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांवर डॉफच्या नावाचे शेरे उमटत गेले, आणि त्या फायली आपोआप या मेजावर येऊ लागल्या. नवे खाते उघडावे लागले नाही, नवी नेमणूक करावी लागली नाही. साठ वेळा पुनरावृत्ती का झाली, याचा उलगडा मला यात सर्वांत समाधानकारक वाटतो.

आतापर्यंत स्थळाचा विचार झाला. काळाचाही असाच वापर होतो. मद्रास इलाख्यात कंपनी सरकारच्या सेवेत असलेले बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पाने चावून पाहिली, तेव्हा सकाळी ती आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट लागली. हे पत्र १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापले. पानफुटी रात्री पर्णरंध्रे उघडून कर्बवायू घेते, त्याचे मॅलिक अम्ल करून ठेवते आणि दिवसा दारे लावून घेऊन ते खर्च करते; म्हणून पहाटेचा आंबटपणा. एंझाइमे बहुतांशी तीच, फक्त दोन पेशींऐवजी दिवस आणि रात्र. अननसही याच पंथाचा. २०१५ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा या कामातील काही जनुकांच्या माथ्यावर वनस्पतीच्या आंतरिक घड्याळाशी संबंधित खुणा सापडल्या. आणि तळ्यातल्या हायड्रिलाची तऱ्हा याहूनही निराळी: उन्हाळ्यात पाण्यातील कर्बवायू आटला, की ती त्याच पानात, एकाच पेशीत, सी-३ ची सी-४ होते. ही वनस्पती उन्हाळ्यात वेगळी वागते आणि त्यात मॅलिक अम्लाचा हात आहे, याची नोंद आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९२४ च्या आपल्या ग्रंथात केली होती. हॅच आणि स्लॅक यांच्या चाळीस वर्षे आधीची ही नोंद आपण भारतीयांनीही पुरेशी लक्षात ठेवली नाही, याचा खेद वाटतो.

निसर्गाने जे साठ वेळा केले ते माणसाला एकदा करता येईल काय? निम्म्याहून अधिक भारतवासीयांचे पोट भातावर अवलंबून आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००८ च्या सुमारास भाताला सी-४ करण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. यश आले तर कमी पाणी आणि कमी नत्र यांवर उत्पन्न निम्म्याने वाढेल, अशी त्यामागील अपेक्षा आहे. हवेत कर्बवायू वाढतो आहे, मग ही युक्ती हवी कशाला, असे कोणी विचारील. वाढत्या कर्बवायूने प्रकाशश्वसन काहीसे कमी होते हे खरे; पण त्याच्याबरोबर येणारा उष्मा ते पुन्हा वाढवितो, आणि पाण्याचा प्रश्न आहे तेथेच राहतो.

पहिले प्रयत्न एंझाइमांचे होते. १९९९ साली मक्याचे पेप कार्बोक्सिलेज जनुक, त्याच्या स्वतःच्या शेऱ्यासह, भातात घालण्यात आले. भाताने ते वाचले आणि एंझाइम भरभरून तयार केले. तरी भात सी-४ झाला नाही; कारण शिरेभोवतीच्या पेशी तशाच राहिल्या, आणि तयार झालेले अम्ल जाणार कोठे? भाताच्या या पेशींत हरितकण थोडे आणि लहान असतात. शिवाय ज्वारीत दोन शिरांच्या कड्यांमध्ये गाभ्याच्या जेमतेम दोन पेशी असतात. भातात त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे अम्लाला चालावयाची वाटच लांब. म्हणून लक्ष एंझाइमांवरून नियामक जनुकांकडे वळले. ऑक्सफर्ड येथील जेन लँगडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्यातील ‘गोल्डन-टू’ आणि त्याचे भावंड ही दोन नियामक जनुके भातात चालू केली. २०१७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चित्रांत भाताच्या शिरांभोवतीच्या पेशी अधिक हिरव्या, हरितकणांनी अधिक भरलेल्या दिसतात, आणि शेजारच्या पेशींशी त्यांचा दळणवळणाचा मार्गही रुंदावलेला दिसतो. शिरांमधले अंतर मात्र अजून भाताचेच आहे, ज्वारीचे नाही. आणि त्या अंतराच्या आज्ञा ज्या जनुकांवर लिहिलेल्या आहेत, ती सध्या एकेक करून तपासली जात आहेत.